डाव्या भिंतीची वरची ओळ

मागच्या महिन्यात एका पेपरात माझ्या वडिलांवर अर्धं पान छापून आलं. 'वाफेच्या इंजिनाला जीवदान देणारे भाईंदरचे आजोबा' असा मथळा, खाली शाल पांघरलेले बाबा. लिहिणारी बाई चांगली होती. दोन तास आमच्याकडे बसली, पोहे खाल्ले, सगळं वहीत उतरवून घेतलं. तिने लिहिलेलं एकही वाक्य खोटं नाही. तरी तो पेपर मी घडी घालून रद्दीत टाकला, कारण जे सांगायला हवं होतं ते त्यात नव्हतंच. ते तिघांना ठाऊक आहे: बाबांना, मला आणि उत्तनच्या एका बाईला. आम्ही तिघांनीही वेळेवर तोंड उघडलं नाही. आता मी लिहायला बसले आहे, आणि उशिरा बसले आहे, हे आधीच कबूल करते.

बाबा म्हणजे शिवदास भोईर, मूळचे भाईंदरच्याच खारी गावचे. आजोबांपर्यंत आमच्याकडचे सगळे मिठागरात राबले आणि पायांच्या भेगांत मीठ घेऊनच मेले. बाबांनी ते नाकारलं. एकोणिसाव्या वर्षी ते रेल्वेच्या वर्कशॉपात खलाशी म्हणजे मदतनीस म्हणून लागले, पुढे बॉयलरमेकर झाले. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटत असेल तिथे उभं राहिलं की कान जातात, तसे त्यांचे चाळिशीतच गेले. माझ्या आईने, शालनने, अर्धा संसार ओरडून केला. ती गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. मी बेव्हर्ली पार्क नावाच्या वसाहतीत राहते, बाबा माझ्याकडे असतात, आणि शाळेत शिकवत असल्यामुळे माझा आवाज आधीच कमावलेला होता. कानाचं यंत्र बाबांकडे आहे. ते शर्टाच्या खिशात असतं.

वर्कशॉपात त्यांचे जोडीदार होते ऑगस्टीनकाका, भाईंदरजवळच्या उत्तन या मच्छीमारांच्या गावचे. बाबांपेक्षा चार वर्षांनी मोठे, उंच, गाणारे. कान जाऊनही गायचे, त्यामुळे सूर कुठे चाललाय याची त्यांना फिकीर नसायची.

त्यांचं काम एकट्याने होणारं नव्हतं. इंजिनात आग पेटते ती एक पेटी आणि तिच्याभोवती दुसरी मोठी पेटी, आणि दोन्हींच्या मध्ये उकळतं पाणी. या दोन पेट्यांच्या भिंती एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून बोटाएवढे जाड दांडे शेकड्यांनी आरपार बसवलेले असतात. त्यांना स्टे म्हणतात. एकाने आगीच्या पेटीत शिरून बसायचं, दुसऱ्याने बाहेरून एकेका स्टेवर हातोडी मारायची. आतल्याने तळहात टेकवून ओळखायचं, दांडा शाबूत आहे की मध्येच तुटलाय. शिवाय प्रत्येक स्टेला बाहेरच्या टोकाकडून एक बारीक भोक पाडलेलं असतं. स्टे तुटला की त्यातून पाणी ठिबकायला लागतं, म्हणजे आंधळ्यालाही कळावं. ती भोकं तार घालून साफ ठेवायची, हा तपासणीतला पहिला नियम. मी मुलांना जे काही शिकवते, त्यात इतकं सरळ काहीच नाही.

१९८१ च्या उन्हाळ्यात या दोघांना घाटातल्या नॅरोगेज लाइनच्या शेडमध्ये पाठवलं होतं. डोंगरावर जाणारी छोटी गाडी, दोन फुटी रूळ, सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर. ऑगस्टीनकाकांनी बॉयलर तपासला, रजिस्टरवर सही केली आणि दुपारीच उत्तनला निघाले, कारण त्यांच्या बायकोचे, कार्मिनमावशीचे, दिवस भरले होते. गाडी सुरू झाल्यावर आठव्या दिवशी, ऐन चढावर, आगीच्या पेटीच्या डाव्या भिंतीची वरची ओळ सुटली. पत्रा फुगून फाटला आणि आतून आलेल्या वाफेने सगळी आग दारातून बाहेर फेकली. दारासमोर आत्माराम नावाचा फायरमन कोळसा टाकत होता. तो नऊ दिवस जगला.

चौकशीला दोन साहेब आले. दोघांचे शर्ट पांढरे होते, त्यामुळे एकानेही पेटीत डोकं घातलं नाही. बाहेरून बघितलं तर वरच्या ओळीची तीन भोकं बुजलेली. म्हणजे साफ केलेली नव्हती. रजिस्टरवर सही ऑगस्टीनची. झाली चौकशी. काकांना दोन ग्रेड खाली उतरवलं आणि यार्डात सामान उचलायला लावलं. ते शपथेवर सांगत राहिले की मी एकूण एक भोकात तार घातली होती. वर्षभर सांगितलं. मग कमी सांगायला लागले. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, राहिली असतील तीन, घरची काळजी होती, घाईत होतो. त्यानंतर नोकरी सोडून ते उत्तनला गेले आणि घरच्या होडीच्या इंजिनालासुद्धा त्यांनी पुन्हा हात लावला नाही. भावांनी समुद्रात जायचं आणि यांनी किनाऱ्यावर बायकांबरोबर बोंबील वाळत घालायचे.

दरवर्षी नाताळच्या आधी ते सुक्या मासळीचं पुडकं घेऊन आत्मारामच्या घरी जायचे. त्याच्या बायकोने कधी दार उघडलं नाही. काका पुडकं ओट्यावर ठेवून परत यायचे, आणि ते पुढे कोण खातं याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. ती बाई वारली तेव्हाच हे थांबलं.

बाबांनी मात्र त्यांना सोडलं नाही. वर्कशॉपातल्या सगळ्यांनी पाठ फिरवली तरी आम्ही दर नाताळला उत्तनला जेवायला जायचो. मला बाबांचा त्या एका गोष्टीचा केवढा अभिमान होता. दोस्ती म्हणजे काय ते माझ्या बापाकडून शिकावं, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे. एका नाताळला मावशी आणि काकांचं भाजलेल्या मासळीवरून वाजलं, अगदी क्षुल्लक कारण, आणि मावशी आम्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "मानूस मारून आलेला तू, मना काय शिकवतो?" काका ताटाकडे बघत राहिले. बाबाही ताटाकडेच बघत राहिले. मला वाटलं, मित्राचा अपमान त्यांना बघवत नाही.

त्या इंजिनाचं पुढे काय झालं, तर काहीच नाही. वाफेचा जमाना संपतच आला होता. त्याला एका ऑफिसच्या बागेत चौथऱ्यावर चढवलं आणि दरवर्षी काळा नि लाल रंग फासला. चाळीसेक वर्षं त्याच्यात चिमण्यांनी घरटी केली, लोकांनी समोर उभं राहून फोटो काढले. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हे इंजिन पुन्हा चालवू, वारसा म्हणून, वर्षातून काही फेऱ्या. चाकं आणि सांगाडा दुसरीकडे गेला. बॉयलर मात्र आला आमच्या भाईंदरला.

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मितेशचा गाळा आहे. तो दूध डेअरीच्या स्टीलच्या टाक्या बनवतो. काम मिळालं खरं, पण जुना बॉयलर म्हणजे काय हे त्याच्या सात पिढ्यांनी बघितलेलं नव्हतं. त्याच्या वेल्डरना आरशासारखी शिवण घालता येते, पण स्टे वेल्डिंगने बसत नाहीत. दोन्ही पत्र्यांतून एकसलग आटे पाडायचे, दांडा आत पिळत न्यायचा आणि टोकं हातोडीने ठोकून पसरवायची. हे करणारा माणूस शोधत शोधत तो आमच्या दारात आला.

"काका, आप फक्त बसून सांगा," तो म्हणाला. "हाथ लगाने की जरूरत नहीं. माझी पोरं करतील."

मी ते ओरडून सांगितल्यावर "कुठला बॉयलर?" बाबांनी विचारलं.

मितेशने मोबाइलवर फोटो दाखवला. बाबांनी तो बराच वेळ बघितला, मोठा करून बघितला, आणि म्हणाले, "डावी भिंत मी करनार. बाकी तुमी करा."

मला वाटलं, म्हाताऱ्याला हुरूप आला. आई गेल्यापासून ते खिडकीत बसून असायचे, आता सकाळी आठला डबा घेऊन तयार. मी शाळा सुटली की गाळ्यावर जायचे, कारण मितेशची माणसं त्यांच्याशी हिंदीत बोलायची आणि ते हिंदी बोलायचे पण ऐकू त्यांना काहीच यायचं नाही. मी मध्ये उभी राहून ओरडायचे. आजूबाजूच्या गाळ्यांत भांड्यांचं पॉलिश चालतं, काळी धूळ नाकात जाते, त्यात हे. पण बाबांचं काम बघताना मी हरखून जायचे. पंचाहत्तरीचा माणूस नव्या स्टेच्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवायचा आणि शेजारच्या लेथवाल्याला सांगायचा की तिसरा आटा कमी उतरलाय. लेथवाला मापून बघायचा आणि स्टे पुन्हा लेथवर चढवायचा.

इंजिनवाल्यांची एक अट होती. काढलेला प्रत्येक जुना भाग नंबर घालून, फोटो काढून ठेवायचा, म्हणजे पुढे प्रदर्शनात मांडता येईल. बाबांना ही अट अजिबात आवडली नव्हती. भंगाराचे कसले फोटो, असं ते चारदा म्हणाले. मी हसण्यावारी नेलं.

जानेवारीतल्या एका रविवारी गाळा बंद असताना ते मितेशकडून चावी घेऊन एकटेच गेले. मी दुपारी जेवायला न्यायला गेले, तर बाबा स्टुलावर बसून घाम पुसत होते आणि डावीकडच्या वरच्या ओळीत तीन भोकं मोकळी झाली होती. "चला," मी म्हटलं आणि डब्याची पिशवी उचलली. ती मला नेहमीपेक्षा जड लागली.

डब्याखाली फडक्यात गुंडाळलेले तीन स्टे होते. रंग खरवडून निघालेला. एकेकाच्या टोकाला, जिथे बारीक भोक असायला हवं, तिथे लालसर ठिपका चमकत होता. लोखंडात तांबं कुठून आलं, एवढं समजायला बॉयलरमेकर व्हावं लागत नाही.

"हे काय आहे?" मी ओरडले. बंद गाळ्यात तो आवाज मलाच मोठा वाटला.

त्यांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. ती त्यांची जुनी खोड. मी ठिपका त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"खिला हाय," ते म्हणाले. "तांब्याचा. मीच मारलाय."

मग त्यांनी सांगितलं. ऑगस्टीन गेल्यावर संध्याकाळी इंजिन पेटवून बघितलं, तर वरच्या ओळीची तीन भोकं ठिबकायला लागली. तपासणीनंतर स्टे तुटले होते. लोखंड कुणाला विचारून तुटत नाही. बदलायचे तर आग विझवा, बॉयलर निवू द्या, दोन दिवस गेले. आणि पहिली गाडी उद्या, तिकिटं संपलेली. फोरमन आला, ठिबकणारं पाणी बघितलं, "शिवदास, बघ काहीतरी" एवढं बोलला आणि निघून गेला. बाबांनी तांब्याच्या तारेचे तीन तुकडे कापले, भोकांत ठोकले, वरून काजळी फासली. पाणी थांबलं.

"दहा दिवसांनी बॉयलर धुवायला निघनार व्हता," बाबा म्हणाले. "तवा बदलनार व्हतो मी. इतर लोक बी करायचे असं. दोन दिवस कमी पडले, समिधा."

"आणि चौकशीत?"

"कोनी इचारलंच न्हाय मना."

"चव्वेचाळीस वर्षं, बाबा?"

ते हाताचं काळं फडक्याला पुसत राहिले. "आदी बॉयलरमेकरची ग्रेड टेंपररी व्हती. तू सात महिन्यांची व्हतीस. मग शालनचं आजारपन. मंग लय वर्सं झाली."

मला त्यांच्या कानशिलात मारावीशी वाटली. स्वतःच्या बापाच्या. ज्या नाताळच्या जेवणांचा मी आयुष्यभर अभिमान बाळगला, ती ही जेवणं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चोर दरवर्षी ज्याला लुटलं त्याच्याकडे जाऊन वडे खात होता. मी म्हटलं, पुढच्या रविवारी उत्तनला जायचं आणि काकांना सांगायचं. ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत. माणूस मारल्याचं ओझं घेऊन ते मरणार असतील तर मी तुमच्याशी बोलणार नाही. आणि मी बोलले नाही तर तुमच्याशी कोण बोलणार, हेही सांगितलं. ते कबूल झाले.

पुढच्या रविवारी भाईंदर पश्चिमेहून बस धरली, मोरवा गाव मागे टाकलं, उत्तनला उतरलो. स्टेची पिशवी माझ्या मांडीवर होती. काका अंगणात खुर्चीवर बसले होते, समोर बांबूंवर बोंबील. बाबांना बघून त्यांनी दोन्ही हात वर केले. त्यांचा मुलगा इव्हान घरी नव्हता. मावशी चहा टाकायला आत गेली.

तिथे मला एक गोष्ट कळली, जी मी आधी विचारात घ्यायला हवी होती. अशी गोष्ट हळू बोलायची असते, आणि त्या दोघांत हळू बोलणं उरलंच नव्हतं. "बरा हाय का?" हेसुद्धा शेजारच्या चार घरांना ऐकू जात होतं. जे आतापर्यंत ते स्वतःशीही बोलले नव्हते, ते बाबा आख्ख्या आळीला ओरडून कसं सांगणार? मी पर्समधून कागद-पेन काढून त्यांच्यापुढे केलं. त्यांनी मान हलवली. "लिवून न्हाय देनार," म्हणाले.

"इंजिन चालनार म्हंतात," काका ओरडले.

"चालनार," बाबा ओरडले.

"डावी भिंत, वरची लाइन. तिथं नीट बग, शिवा. तिथं मी चुकलो व्हतो."

काकांनी हे इतक्या साध्या आवाजात ओरडून सांगितलं, जसा एक कारागीर दुसऱ्याला सांगतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आता, आता बोला. बाबांचे ओठ हलले.

"बगतो," ते म्हणाले.

मी पिशवी घेतली आणि तरातरा स्वयंपाकघरात गेले. बापाला जमत नसेल तर मी सांगेन, या तोऱ्यात. कार्मिनमावशीला सगळं सांगितलं, तीनही स्टे तिच्या ओट्यावर मांडले. मला वाटलं ती रडेल, मग बाहेर जाऊन नवऱ्याला मिठी मारेल. शिक्षकांना असे शेवट आवडतात.

मावशीने एका ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग गॅस बंद केला. चहा नुकता उकळायला लागला होता.

"मी त्याला बोलले," ती म्हणाली. "भांडन कशावरून पन हव, शेवट एकच. मानूस मारलास. पयलं वरीस तो सांगायचा, कार्मिन, मी तार घातली व्हती. मी म्हनायची, खोटं बोलू नको. मी त्याला बोलू बोलू त्याच्या तोंडून कबूल करून घेतलंय, पोरी. साहेबांनी न्हाय. मी."

"मग आता तरी सांगू या ना."

"तो आदी कोनाकडं बगेल? तुझ्या बापाकडं न्हाय. माझ्याकडं बगेल." तिने तिन्ही स्टे फडक्यात गुंडाळले, घट्ट गाठ मारली आणि माझ्या हातात दिले. "हे ने. त्याला आता सवय झाली हाय. मना सवय नाय व्हनार."

मी काय म्हणायला हवं होतं ते मला आजही नीट सांगता येतं. त्या वेळी मी पिशवी उचलली आणि बाहेर येऊन चहा प्यायले.

पुढचं मी केलं, बाबांनी नाही. सोमवारी शाळा सुटल्यावर मी गाळ्यावर गेले. तोवर पहिल्या फेरीला बाबांचा सत्कार करायचं ठरलं होतं, मितेशने मला पत्रिकेचा नमुना दाखवला, त्यात मोठ्या अक्षरांत बाबांचं नाव होतं. डाव्या भिंतीचे तीन नंबर कमी आहेत, असं तो म्हणाला, दीदी, काकांना विचारा ना. मी म्हटलं, ते कापताना तुटले. मग तो फोनवर बोलत गेला आणि मी ते तीन स्टे गाळ्यामागच्या भंगाराच्या ढिगात टाकले. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. बापाने जे चव्वेचाळीस वर्षं लपवलं, ते कायमचं गाडायला मला एक आठवडा लागला.

बाबांनी डावी भिंत अशी केली की मितेशची पोरं अजून सांगतात. फुगलेला पत्रा कापून नवा बसवला. एकेक स्टे स्वतः पिळला, एकेक टोक स्वतः ठोकलं, एकेका भोकात स्वतः तार घातली, दोनदा. बॉयलर पाण्याने भरून दाब दिला तेव्हा अर्धा तास ते त्या भिंतीसमोर चटई टाकून बसून होते. एक थेंब आला नाही. मितेशने पेढे वाटले.

नोव्हेंबरात पहिली फेरी निघाली. पायथ्याच्या स्टेशनवर मंडप, झेंडूच्या माळा, भाषणं. बाबांना शाल आणि नारळ मिळाला. इव्हान काकांना गाडी करून घेऊन आला होता. काका आगगाडीत बसले नाहीत. काठी टेकत ते इंजिनापर्यंत आले, डाव्या बाजूला तापलेल्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर तळहात धरून उभे राहिले आणि मग बाबांच्या खांद्यावरची शाल नीट केली.

"माजं पाप तू निस्तरलंस, शिवा," ते ओरडले. "आता आत्माराम सोडंल मना."

आजूबाजूला शिट्टी होती, बँड होता, कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांत ओरडून सांगायला इतकी सोयीची जागा मिळाली नसती. बाबांनी काकांचा हात धरला आणि गाडी हलेपर्यंत धरून ठेवला. बोलले काहीच नाहीत. मीही दोन पावलांवर उभी होते.

पाच आठवड्यांनी, नाताळच्या तीन दिवस आधी, ऑगस्टीनकाका गेले. इव्हानचा फोन आला तेव्हा बाबा खिडकीत होते. मी पाटीवर लिहून दाखवलं. पाटी पुसून ठेवत ते म्हणाले, "मी सांगनार आता." बैल गेला नि झोपा केला म्हणतात तो हाच. मी म्हटलं, सांगा. खरं सांगायचं तर माझा विश्वासच नव्हता.

चर्चमधली प्रार्थना झाली, दफन झालं, लोक घरी परतले. अंगणात खुर्च्या होत्या, पन्नास-साठ माणसं. बाबा मध्येच उठून उभे राहिले आणि बहिऱ्या माणसाच्या त्या सगळ्या आवाजात ओरडले, "ऐका सगले. ऑगस्टीनने भोकं साफ केलीवती. सगली. मी बुजवली. मी तांब्याचे तीन खिले मारले. आत्माराम माज्यामुले मेला. ऑगस्टीनचा कायएक दोष नव्हता."

 मग काकांचा धाकटा भाऊ उठला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून लोकांकडे वळला. त्याचे डोळे भरले होते. "बगा," तो म्हणाला, "दोस्त मेला तरी त्याचा डाग आपल्या अंगावर घ्यायला उभा राह्यला. असा दोस्त मिळायला नशीब लागतं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मागून कुणीतरी म्हणालं, मोठ्या मनाचा माणूस.

मी कार्मिनमावशीकडे बघितलं. ती काळ्या कपड्यांत दारात बसली होती. तिलाच विचारतील असं मला वाटलं, आणि विचारलंही. तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्याच्या जीवाला लागलंय," ती म्हणाली. "दोस्तासाठी बोलतो. पानी द्या त्याला."

मी उठून म्हणू शकले असते की हे खरं आहे, मी ते खिळे हातात धरलेत. मग लोकांनी विचारलं असतं, कुठे आहेत? मी बसून राहिले.

बाबांना यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्यांना फक्त दिसलं की लोक रडतायत आणि कुणी त्यांना मारायला धावत नाही. मग इव्हान पुढे आला. ज्याच्या जन्मासाठी काका त्या दुपारी घरी आले होते तो इव्हान, आता स्वतः केस पिकलेला. त्याने वाकून बाबांचा हात कपाळाला लावला आणि आशीर्वाद मागितला, घरातल्या वडीलधाऱ्याकडे मागतात तसा. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ऐकला ना सगल्यांनी?"

"ऐकलं," मी म्हटलं.

तेव्हापासून बाबांना शांत झोप लागते. जेवण वाढलंय. सोसायटीत कुणी भेटलं की सांगतात, ऑगस्टीनच्या घरच्यांनी मना माफ केला. लोकांना कशाबद्दल ते कळत नाही, ते मान डोलावतात. मला त्यांचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्यातला अर्धा राग माझा माझ्यावरच आहे. काका उत्तनच्या मातीत माणूस मारणारे म्हणूनच पडले आहेत. ते तसे नव्हते, एवढं इव्हानला तरी कळायला हवं, म्हणून हे लिहिलं. पण हे त्याच्या हातात दिलं की तो विचारायला आमच्याकडेच येईल, आणि येताना हे कागद घेऊन येईल, ज्यांत त्या दिवशी अंगणात बाबांचं कुणालाच खरं वाटलं नाही हेही लिहिलंय. बाबांचे डोळे अजून चांगले आहेत.